आधी मूत्रपिंड, मग गुडघे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असं छापलंय. संयोजकांना विचारून मी विषय बदललाय. त्या विषयावर माझ्यापेक्षा यूट्यूब बरं सांगतं. मी बोलणार आहे ते लेकरांच्या वाकड्या पायांवर. नांदेडला इंजिनियरिंग करून पुण्याला गेलेल्या बाईचा आणि पायांचा काय संबंध, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणतंयच. संबंध असा, की गेली अकरा वर्षं मी हाडांच्या सर्जनसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहिते. एक्स-रे पडद्यावर घ्यायचा, कोन मोजायचे, हाड नेमकं कुठे वाकलंय ते शोधायचं, कुठे कापलं तर पाय किती सरळ होईल ते आधीच दाखवायचं. मी डॉक्टर नाही. तेव्हा माझ्या तोंडून एखाद्या औषधाचं नाव निघालं तर ते ऐकून कुणी मेडिकलमध्ये जाऊ नका.

कवायतीचे सर समोर बसलेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते. ‘सावधान!’ म्हटलं की टाचा जुळल्याच पाहिजेत, हा त्यांचा नियम. आता एखादं लेकरू असं असतं की त्याचे गुडघे आधी एकमेकांना लागतात आणि टाचा काही केल्या जुळत नाहीत. तीन-चार वर्षांच्या बहुतेक लेकरांचे गुडघे थोडे आत असतातच. सात वर्षांचं होईपर्यंत ते आपोआप सरळ होतात. पण त्यानंतरही गुडघे जुळवून उभं केल्यावर दोन घोट्यांत चार बोटांहून जास्त अंतर राहत असेल, बाक एकाच पायाला असेल किंवा वर्षागणिक वाढत असेल, तर ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. आणि हे गावात सगळ्यात आधी कुणाला दिसतं? रोज सकाळी शंभर पोरांना रांगेत सावधान उभं करणाऱ्या माणसाला. डॉक्टरकडे लेकरू जाईल तेव्हा जाईल.

वाकण्याची कारणं बरीच आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मुडदूस आपण पुस्तकात शिकलो. काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, त्यानेही होतं. लहानपणी हाडाला मार लागून होतं. आणि एक कारण असं आहे की ते पायात नसतंच, पाठीच्या बाजूला, कमरेच्या वर असतं. मूत्रपिंड. आज फक्त याच कारणाबद्दल बोलते.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच तुकडीतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेल्या मित्राचा फोन आला. त्याच्या वर्गात पाचवीत एक मुलगा होता. नाव-गाव सांगत नाही, त्याला मोठं होऊन इथेच राहायचंय. वय दहा, दिसायला सातचा. गुडघ्याला गुडघा घासत, बदकासारखा डुलत चालायचा. घरच्यांनी कॅल्शियमच्या बाटल्या संपवल्या होत्या, एका ठिकाणी पाय सरळ करायच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली होती आणि गावात वर्गणी चालू होती. मित्राने पायाचे फोटो पाठवले आणि म्हणाला, ‘तुझ्या सॉफ्टवेअरात टाकून बघ ना, कुठं कापायचं ते.’ मी म्हटलं, बाबा, मोबाईलच्या फोटोवर ते चालत नाही. मग इकडचं-तिकडचं बोलताना तो म्हणाला, ‘पोरगं हुशार आहे, पण दर तासाला एकीला जातंय. पाणीही तांब्यानं पितंय. आणि रात्री अंथरूण ओलं करतंय म्हणते त्याची माय, एवढा मोठा झाला तरी.’

सर्जन लोकांच्या बैठकीत वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसून मी काही गोष्टी ऐकलेल्या आहेत. मी त्याला सांगितलं, एक्स-रे राहू दे. आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या. या तपासण्या स्वस्त आहेत आणि तालुक्याला होतात. क्रिएटिनिन त्याच्या वयाला असावं त्याच्या कितीतरी पट निघालं. मग सोनोग्राफी झाली, त्यात दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दिसली. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच एक पातळ पडदा असतो. लघवी पुढे अडते, मागे दाब येतो, आणि तो दाब वर्षानुवर्षं मूत्रपिंडांना खात राहतो. त्याची आई नंतर मला म्हणाली, ‘ताई, धार कधी जोरात गेलीच नाही त्याची. थेंब थेंब. पण हे काय कुणाला सांगायचं असतं?’

सांगायचं असतं. इथे बसलेल्या आया-आज्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

आता लघवी अडली तर गुडघे का वाकावेत? मलाही हे कळायला वेळ लागला. आपण मूत्रपिंडाला गाळणी समजतो. ते गाळणी आहेच, पण एक छोटा कारखानाही आहे. उन्हातून आणि अन्नातून मिळणारं ‘ड’ जीवनसत्त्व शरीराला तसंच्या तसं कामाचं नसतं. त्यावर पहिली प्रक्रिया यकृतात होते आणि शेवटची मूत्रपिंडात. ही शेवटची पायरी मूत्रपिंडातच होते हे केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक या दोघांनी १९७० साली दाखवलं. मूत्रपिंड थकलं की ही पायरी थांबते, आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. दुसरीकडे, जे फॉस्फरस लघवीवाटे बाहेर पडायचं ते रक्तात साचतं. गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यांना वाटतं कॅल्शियम कमी पडलं, मग त्या हुकूम सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम उपसायला लागतात. त्यात रक्तात आम्ल वाढलेलं असतं, ते हाडाला आणखी झिजवतं. मोठ्या माणसात याने हाड ठिसूळ होतं. पण लेकराच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांब होत असतं. ती पट्टी कच्ची राहते. कच्च्या पट्टीवर शरीराचा भार पडतो आणि हाड भाराच्या दिशेने कलत वाढतं. गुडघ्याजवळच्या पट्ट्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या, म्हणून बाक तिथे जास्त दिसतो.

या मुलाच्या घरी एक म्हैस आहे. हाडं कमजोर म्हटल्यावर आजोबांनी दोन्ही वेळा पेला भरून दूध सुरू केलं होतं. दुधात कॅल्शियम असतं तसं फॉस्फरसही भरपूर असतं. फॉस्फरस साचलेल्या लेकराला ते मोजूनच द्यावं लागतं. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सांगितलं तेव्हा आजोबा उठून बाहेर गेले. त्यांना तो अपमान वाटला असावा. मला त्यांचं वाईट वाटलं, कारण त्यांनी घरात होतं ते सगळ्यात चांगलं नातवाला दिलं होतं. काळं कोल्ड्रिंक आणि पाकिटातला खाऊ मात्र बंद झाला तर कुणाला वाईट वाटायला नको, त्यातला फॉस्फरस तर शरीर जवळजवळ सगळा शोषून घेतं.

वर्गणी जमलेली होती, ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. ती रद्द करायला लावणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि ते माझ्या मित्राने केलं. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला नेल्यावर तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी फक्त रक्ताचे कागद पाहिले आणि मुलाला लेकरांच्या मूत्रपिंडाच्या विभागात पाठवलं. आजोबा म्हणाले, ‘पाय सरळ करायला आणलं, अन् हे लघवी तपासत बसले.’ दुर्बिणीतून मूत्रमार्गातला पडदा काढला. मग औषधं सुरू झाली: तयार स्वरूपातलं ‘ड’ जीवनसत्त्व, जेवणासोबत घ्यायच्या फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या, आम्ल कमी करायला सोड्याच्या गोळ्या. पायाला चौदा महिने कुणी हात लावला नाही.

चौदा महिने थांबण्याचं कारण मला इंजिनियर म्हणून अगदी पटतं. ओल्या भिंतीत खिळा ठोकला तर तो धरत नाही. कच्च्या हाडात स्क्रू धरत नाही, कापलेलं हाड जुळायला फार वेळ घेतं, आणि सगळं जुळून आलं तरी वाढीची पट्टी अजून कच्चीच असल्यामुळे पाय पुन्हा वाकतो. वर भुलीचा धोका वेगळा. मूत्रपिंड नीट नसलं की रक्तातलं पोटॅशियम वर-खाली होतं, भुलीची काही औषधं शरीरातून लवकर जात नाहीत, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. ऑपरेशननंतर सर्रास दिल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या उरलेल्या मूत्रपिंडालाही मारतात. म्हणून अशा लेकराचं ऑपरेशन हाडांचा डॉक्टर एकट्याने ठरवत नाही, आणि एकट्याने ठरवत असेल तर दुसरीकडे विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण नुसतं थांबत राहणंही फुकट नसतं. बाक राहिला की गुडघ्याच्या एकाच बाजूवर भार येतो, सांधा झिजतो. आणि वाढीची वर्षं निघून जातात. ती का महत्त्वाची, ते आता सांगते.

आधी मोजायचं कसं ते बघू. लेकराला उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंत एकच लांब एक्स-रे काढतात, गुडघ्याच्या वाट्या बरोबर समोर ठेवून. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या जवळपास मधून जायला हवी. या मुलाची रेघ गुडघ्याच्या पार बाहेरून जात होती. हे सगळं करायला पट्टी आणि पेन्सिल पुरते, आमचं सॉफ्टवेअर तेच लवकर करतं इतकंच. वाट्या समोर नसतील तर सॉफ्टवेअर अगदी अचूकपणे चुकीचा कोन सांगतं. त्यामुळे मी नव्या पोरांना नेहमी सांगते, एक्स-रे काढणाऱ्या माणसाशी दोस्ती करा.

बाक काढायचे मुख्य रस्ते दोन. पहिला, वाढ अजून बाकी असेल तर हाड कापायचंच नाही. गुडघे आत वळलेले असतील तर वाढीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, वर एक आणि खाली एक स्क्रू घालून इंग्रजी आठच्या आकाराची छोटी पट्टिका बसवायची. आतली बाजू थांबते, बाहेरची वाढत राहते, आणि लेकरू आपल्याच वाढीने आपला पाय सरळ करतं. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ब्लाउंट यांनी १९४९ साली यासाठी स्टेपलसारख्या पिना वापरल्या होत्या. दोन स्क्रूंची ही पट्टिका पीटर स्टीव्हन्स यांची, त्यांनी २००७ मध्ये तिचे निकाल छापले. जखम छोटी, लेकरू लवकर चालायला लागतं. मात्र दर काही महिन्यांनी तपासायला यावंच लागतं, कारण वेळेवर पट्टिका काढली नाही तर पाय उलट बाजूला वाकतो.

दुसरा रस्ता, हाड कापून सरळ करायचं. बाक फार असेल किंवा वाढ संपलेली असेल तर हाच उरतो. एका झटक्यात सरळ करून आत प्लेट बसवता येते, नाहीतर बाहेरून रिंगा लावून हळूहळू. रिंगांची पद्धत सायबेरियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव यांची, १९५० च्या दशकातली. सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या ताणलेल्या तारा हाडातून आरपार घालून त्या रिंगांना बांधतात. हाड कापायचं आणि दिवसाला एक मिलिमीटर या गतीने सरकवायचं, तेही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. पश्चिमेकडच्या देशांना हे कळलं १९८० नंतर, एका इटालियन गिर्यारोहकाचा जुना मोडलेला पाय त्यांनी बरा केल्यावर. आपल्या महाराष्ट्रात मिरजेला डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी आणि अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांनी या पद्धतीचं मोठं काम उभं केलं. अकोला म्हणजे आपल्या पूर्णेहून थेट रेल्वेने जायचं गाव. मोठं काम फक्त मुंबई-पुण्यालाच होतं असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

रिंगांची पुढची आवृत्ती म्हणजे माझा जिव्हाळ्याचा विषय. दोन रिंगांच्या मध्ये सहा तिरक्या दांड्या, प्रत्येकीची लांबी कमी-जास्त करता येणारी. सहा दांड्या अशासाठी, की अवकाशात कुठलीही वस्तू सहाच प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. टायर तपासायच्या यंत्रात आणि वैमानिकांच्या सराव-यंत्रात ही रचना आधी आली, पायावर ती मेम्फिसच्या टेलर बंधूंनी आणली, एक सर्जन आणि एक इंजिनियर. संगणक रोजचा तक्ता छापून देतो, कुठली दांडी किती फिरवायची, आणि घरी आई रोज ती फिरवते. यावर बोलत बसले तर जेवण गार होईल, म्हणून थांबते. एवढंच, की बीजगणिताच्या तासाला ‘याचा पुढे काय उपयोग’ असं सरांना विचारणारी पोरगी मीच होते.

आपल्या मुलाला हे काही लागलं नाही. चौदा महिन्यांत रक्ताचे आकडे ताब्यात आले, एक्स-रेमध्ये वाढीच्या पट्ट्यांच्या कडा स्पष्ट दिसू लागल्या आणि बाकही किंचित कमी झाला. वाढ शिल्लक होती. साडेअकराव्या वर्षी दोन्ही गुडघ्यांना पट्टिका बसवल्या. धडधाकट लेकरात वर्षभरात जे होतं त्याला इथे जास्त वेळ लागतो, कारण मूत्रपिंडाच्या आजारात वाढच मंद असते. निरोगी मुलांच्या वाढीचे तक्ते इथे लागू पडत नाहीत, म्हणून अंदाजावर काही चालत नाही. दर तीन महिन्यांनी मुंबई, एक्स-रे, रक्त.

आणि खरा खर्च तिथे आहे. आपल्या माजी विद्यार्थी निधीतून ‘एका गरीब मुलाचं ऑपरेशन करू’ असा ठराव आलाय. हेतू चांगला आहे, पण मी त्याच्या विरोधात बोलणार आहे. ऑपरेशनला, डायलिसिसला, प्रत्यारोपणाला सुद्धा महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. सरकारी डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. शाळा-अंगणवाड्यांत लेकरं तपासायला येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून आहे, शून्य ते अठरा वयापर्यंत, आणि तपासायच्या आजारांत मुडदूस आहे. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालंय. कागदावर रस्ता आहे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत तीन दिवसांची मजुरी सोडून लेकराला मुंबईला नेणं, रात्री कुठे झोपायचं, कुठल्या खिडकीला कुठला कागद, पुढच्या तारखेची आठवण, महिन्याच्या गोळ्या संपण्याआधी दुसऱ्या आणणं, यासाठी कुठलीच योजना नाही. लेकरं मागे पडतात ती इथे. निधी यासाठी ठेवा, आणि पैशापेक्षा माणसं द्या. मुंबईत आपले कितीतरी लोक आहेत.

शिक्षक असलेल्यांसाठी वेगळं सांगते. रांगेत टाचा न जुळणारं, वयाच्या मानाने फार खुजं, फिकट दिसणारं, सारखं पाणी पिणारं, सारखं एकीला मागणारं लेकरू दिसलं तर तपासणीची गाडी आल्यावर त्याला पुढे उभं करा, आणि गाडी लांब असेल तर पालकांना बोलवा. आणि त्याला एकीला जाऊ द्या. अडवू नका.

त्या मुलाची उजव्या गुडघ्याची पट्टिका गेल्या दिवाळीनंतर निघाली. डावी अजून आहे, रेघ अजून मध्यावर आलेली नाही. तो आठवीत आहे, सायकलवर शाळेत जातो. मूत्रपिंडं मात्र परत फिरणार नाहीत, ती हळूहळू जात आहेत, पुढे प्रत्यारोपण लागेल हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आईने आपलं मूत्रपिंड द्यायचं ठरवलंय, तिच्या तपासण्या सुरू झाल्यात, रक्तगट जुळलाय. आजोबांनी म्हैस विकलेली नाही, दूध डेअरीला घालतात आणि ते पैसे गाडीभाड्याला ठेवतात.

त्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि या वेळी माझ्या मित्राला निवडणुकीचं काम लागल्यामुळे जाता येणार नाही. आई आणि मुलगा, दोघांसोबत एक माणूस हवा आहे, दादरहून पुढचा रस्ता माहीत असलेला. ज्यांना जमेल त्यांनी जेवण झाल्यावर सायकल-स्टँडजवळच्या निंबाखाली थांबा. देवगिरीची तिकिटं आजच काढायची आहेत.